जी-एच : एका मुक्या जोडीची बखर

ज्यांनी मराठी शाळेत बसून इंग्रजी शिकले, त्यांना एक चाल जन्मभर पाठ असते. 'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. डी ओ जी डॉग, डॉग म्हणजे कुत्रा.' अक्षरे मोजावीत, आवाज जुळवून पाहावेत, हिशेब चोख. पुढे एका इयत्तेत 'एन आय जी एच टी नाइट, नाइट म्हणजे रात्र' ही ओळ येते आणि हिशेब बिघडतो. पाच अक्षरांपैकी दोन तोंडातून उमटतच नाहीत. मुले ते कसेबसे गिळतात, तोवर 'लाफ' येतो. तिथे तीच जोडी 'फ' म्हणते. मग भुताचा शब्द येतो. आपण तो 'घोस्ट' असा म्हणतो आणि साहेब 'गोस्ट' म्हणतो. एकच जोडी एकदा मुकी, एकदा 'फ', एकदा 'ग'.

मी बरीच वर्षे मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवले. त्या वर्षांत जो प्रश्न सर्वाधिक वेळा ऐकला तो असा : 'बाई, बोलायचंच नाही तर लिहायचं कशाला?' व्याकरणाच्या पुस्तकात याला उत्तर नसते. तिथे फक्त 'सायलेंट लेटर' असा शिक्का असतो. पण प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. ते शोधायला जर्मनी, फ्लँडर्स आणि स्कॉटलंडमधून फिरावे लागते, आणि वाट अखेर आपल्याच अंगणात येऊन थांबते.

रात्रीच्या घशातला आवाज

सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत रात्रीचा शब्द चार अक्षरांचा होता : एन-आय-एच-टी. त्यातला 'एच' मुका नव्हता. जिभेचा मागचा किंवा मधला भाग टाळूजवळ नेऊन श्वास घासत बाहेर सोडला की होणारा तो आवाज होता. उर्दूतल्या 'ख़बर'मधला खरखरीत ख़ आठवला की अंदाज येतो. शब्दाचा उच्चार साधारण 'निख़्त' असा व्हायचा. मुलीचा शब्द 'दॉख़्तर'च्या जवळपास, उजेडाचा 'लेओख़्त'च्या. जे लिहिले होते ते सगळे बोलले जात होते.

इंग्रजीची सख्खी भावंडे आजही तो आवाज काढतात. जर्मन माणूस रात्रीला 'नाख़्ट' म्हणतो, आठला 'आख़्ट', मुलीला 'टॉख़्टर'. जिथे जिथे इंग्रजीत मुकी जी-एच जोडी दिसते, तिथे जर्मनमध्ये बहुधा हा घर्षणाचा आवाज जागता असतो. नाइट, लाइट, राइट, एट, डॉटर, थॉट हे शब्द जर्मन भावंडांशेजारी ठेवून पाहिले की पटते : ही अक्षरे म्हणजे वाळूवर उरलेले पाऊल आहे. पाऊल टाकणारा निघून गेला.

आता आणखी मागे जाऊ. कलकत्त्यात न्यायाधीश असलेल्या सर विल्यम जोन्सने १७८६ साली एशियाटिक सोसायटीपुढच्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असे मत मांडले. गॉथिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीचे घराणेही त्याच मुळाचे असावे, असे त्याने सुचवले. हे नाते जी-एचला लावून पाहू. रात्र लॅटिनमध्ये 'नॉक्स', षष्ठीत 'नॉक्तिस', संस्कृतात 'नक्त'. दिवसभर उपाशी राहून रात्री जेवायचे त्या व्रताला आपल्याकडे आजही नक्तच म्हणतात. नक्तमधला 'क्' आणि इंग्रजी नाइटमधली मुकी जोडी या एकाच मूळ ध्वनीच्या दोन गती. एटमधल्या जोडीच्या जागी संस्कृतात 'अष्ट'चा ष् आहे. वजनाने हलका या अर्थाच्या 'लाइट'चे नाते 'लघु'शी आहे. तिथे तर जी-एचच्या समोर साक्षात 'घ' उभा आहे. आणि 'डॉटर'समोर संस्कृत 'दुहिता'. त्या दुहितेचीच वंशज कोकणीतली 'धूव', म्हणजे मुलगी. गोव्यातल्या घरात आईने 'धूव' म्हणावे आणि लंडनच्या घरात 'डॉटर', यात एकच फार जुनी हाक दोन टोकांना पोचलेली असते.

लेखनिक आणि खिळे

मग 'एच'ची 'जी-एच' कशी झाली? १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. दरबाराची भाषा फ्रेंच झाली आणि लेखनिकांचे वळणही हळूहळू बदलले. फ्रेंच वळणात 'एच' हे फिके अक्षर. एवढा खरखरीत आवाज त्याच्याकडून निभेना. काही लेखनिक या आवाजासाठी 'योख़' नावाचे अक्षर वापरत. आकार थेट तीनच्या आकड्यासारखा. पुढे त्याची जागा 'जी' आणि 'एच' या जोडगोळीने घेतली. अक्षरे दोन झाली, पण ती एकाच आवाजाची खूण होती.

योख़ अक्षर छापखान्याच्या पेटीत टिकले नाही. स्कॉटलंडच्या मुद्रकांनी त्याच्या जागी दिसायला जवळचा म्हणून 'झेड' बसवला. म्हणून तिथल्या एका जुन्या आडनावाचे स्पेलिंग 'मेंझीस' वाचावे असे दिसते आणि घरचे लोक त्याचा उच्चार 'मिंगिस' करतात. एका हरवलेल्या अक्षराने माणसांच्या नावात असा घोळ करून ठेवला आहे.

विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. इंग्लंडमधला तो पहिला. त्याआधीची सुमारे तीस वर्षे तो ब्रुज आणि आसपासच्या फ्लेमिश मुलखात व्यापारानिमित्त राहिला होता, छपाईही त्याने युरोपच्या मुख्य भूमीवरच शिकली. त्याचा सहकारी विंकिन द वर्ड तिकडूनच आलेला. फ्लेमिशमध्ये भुताच्या शब्दाचा आरंभ 'जी-एच'ने करण्याची रीत होती. जुन्या इंग्रजीत या शब्दाला 'एच' नव्हता. कॅक्स्टनच्या पुस्तकांतून तो शिरला. या वळणाने बोकड, बदक, मुलगी यांच्या इंग्रजी शब्दांतही कुठे कुठे 'एच' घुसलेला त्या काळच्या छापील मजकुरात दिसतो. तिथून तो निघाला. भुतात मात्र राहिला, आणि भुतासोबत 'गास्टली' आणि 'अगास्ट' या भयाच्या शब्दांतही. भूत एकदा बसले की उतरत नाही म्हणतात, ते इथे शब्दशः खरे झाले.

छपाईने आणखी एक गोष्ट केली. हाताने लिहिणारा प्रत्येक जण आपापल्या कानाप्रमाणे लिहीत होता. आवाज बदलला तर लेखन मागोमाग सरकत होते. खिळे आले आणि स्पेलिंगे खिळली. दुर्दैव असे की ती नेमकी अशा काळात खिळली, जेव्हा बोलण्यात मोठी उलथापालथ चालू होती.

आवाज गेला, दोन वाटांनी

साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकात इंग्लंडच्या दक्षिणेतून हा घर्षणाचा आवाज नाहीसा झाला. जाताना त्याने दोन वाटा धरल्या.

पहिली वाट पूर्ण लोपाची. 'निख़्त'मधला ख़ गळला आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा ऱ्हस्व 'इ' लांबला : 'नीत'. पुढे इंग्रजीतल्या सगळ्याच दीर्घ स्वरांनी जागा बदलल्या, दीर्घ 'ई'चा 'आइ' झाला, आणि 'नीत'चा 'नाइट' झाला. मराठी वाचकाला ही भरपाई नवी वाटू नये. 'अष्ट'चे प्राकृतात 'अट्ठ' झाले आणि मराठीत एक व्यंजन गळून मागचा 'अ' लांबला : 'आठ'. सप्त–सत्त–सात, हस्त–हत्थ–हात, कर्म–कम्म–काम. सगळीकडे तोच न्याय. व्यंजन जाताना आपली मात्रा शेजारच्या स्वराच्या पदरात टाकून जाते. फरक एवढाच, की मराठीने 'आठ' लिहिताना जुन्या व्यंजनाला रजा दिली. इंग्रजीने त्याची खुर्ची रिकामी तशीच ठेवली.

दुसरी वाट 'फ'ची. 'उ'सारख्या, ओठ गोल करायला लावणाऱ्या स्वरानंतर हा घशातला आवाज आला, की काही बोलींत तो ओठांकडे ओढला गेला आणि दात-ओठांचा 'फ' झाला. लाफ, कफ (खोकला या अर्थी, इंग्रज 'कॉफ' म्हणतो), रफ, टफ, इनफ हे त्या वाटेचे प्रवासी. एकाच शब्दाला काही गावांत पहिली वाट लागली, काहींत दुसरी. कणकेला प्रमाण इंग्रजीत 'डो' म्हणतात, पण उकडलेल्या एका पुडिंगचे नाव 'डफ' आहे; तो त्याच शब्दाचा उत्तरेकडचा उच्चार. लंडन चारी दिशांच्या लोकांनी भरले, प्रत्येकाने आपला उच्चार सोबत आणला, आणि प्रमाणभाषेने कुठला इकडचा, कुठला तिकडचा उचलला. म्हणून 'डॉटर' मुकी आणि 'लाफ्टर' बोलकी, जरी मधली अक्षरे तीच असली. यात कारस्थान कुणाचे नाही. वऱ्हाडातून, देशावरून, कोकणातून आलेली माणसे एका चाळीत राहिली की मुलांच्या बोलण्यात जे होते तेच इथे झाले.

एका शब्दाने मात्र वेळीच कपडे बदलले. बुटक्या माणसाच्या 'ड्वॉर्फ' या शब्दाच्या शेवटी जुन्या इंग्रजीत 'जी' होता, मग तिथेही हाच घर्षणाचा आवाज आला, मग 'फ' झाला, आणि लिहिणाऱ्यांनी सरळ 'एफ' लिहायला घेतले. 'लाफ'च्या बाबतीत तसे घडले असते तर आपल्या मुलांचा एक छडीचा प्रसंग वाचला असता.

वारस नसलेले दावेदार

या घराण्यात काही तोतयेही आहेत. 'डिलाइट' हा शब्द फ्रेंचमधून आला. त्यात कधीही घशातला आवाज नव्हता, जी-एच तर नव्हतीच. पण सोळाव्या शतकात 'लाइट'च्या शेजारी बसून त्याने तिचा पोशाख घातला. 'हॉटी', म्हणजे गर्विष्ठ, हा फ्रेंच 'ओ', म्हणजे उंच, यावरून. त्याचीही जी-एच उसनी. 'स्प्राइटली' हा 'स्पिरिट'च्या गोतातला, त्याचेही तेच. 'कॅच' हा नॉर्मन फ्रेंच शब्द. इंग्रजीत आल्यावर त्याच्या भूतकाळी रूपाने देशी क्रियापदांच्या चालीवर 'कॉट' असे रूप घेतले, जी-एचसकट.

गमतीचा आहे तो उचकीचा शब्द. 'हिकप' हे उचकीच्या आवाजावरून बनलेले नाव. आपली 'उचकी'ही तशीच. कुणाला तरी वाटले, की हा खोकल्याचाच प्रकार असणार. म्हणून शेवटी खोकल्याचे, म्हणजे 'कॉफ'चे, स्पेलिंग जोडले गेले. उच्चार 'हिकप'च राहिला. अशा रीतीने जी-एचला आयुष्यात एकदा 'प' म्हणण्याचाही योग आला.

जंगल आहे, पण वाटा आहेत

एवढे ऐकल्यावर वाटते, की इथे नियम नाहीच. इंग्रजी स्पेलिंगची थट्टा करणारे एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. जी-एच-ओ-टी-आय असे लिहा. 'इनफ'मधला जी-एच म्हणजे 'फ', 'विमेन'मधला ओ म्हणजे 'इ', 'नेशन'मधला टी-आय म्हणजे 'श'. वाचा : 'फिश'. ही कोटी सर्रास बर्नार्ड शॉच्या नावावर खपवली जाते. पण ती १८५५ सालच्या एका पत्रात सापडते, आणि शॉचा जन्म १८५६चा.

कोटी झकास, पण वकिली खोटी. शब्दाच्या आरंभी जी-एच कधीच 'फ' होत नाही. आणि टी-आय शब्दाच्या शेवटी 'श' म्हणत नाही. म्हणजे या अक्षरांना शिस्त आहे. वर्गात मी ती मुलांना चार ओळींत सांगत असे.

शब्दाच्या आरंभी जी-एच आली तर ती 'ग' : गोस्ट, गेटो, गूल. 'आय'च्या लगेच मागे आली तर ती हमखास मुकी : हाय, साय, थाय, वेट, नेबर, स्ट्रेट. तिच्या पुढे 'टी' आली तरी ती मुकी. ठळक अपवाद 'लाफ्टर' आणि 'ड्राफ्ट'चे ब्रिटिश स्पेलिंग. उरले 'ओ-यू-जी-एच' हे चार अक्षरांचे रान. खरा गोंधळ तेवढ्यातच. दो, थ्रू, प्लाउ, कॉफ, रफ, थॉट, थरा, हिकप, आणि आयर्लंडमधल्या तळ्यांच्या नावात येणारा 'लॉख़' : नऊ आवाज, स्पेलिंग एक. हे नऊ शब्द पाठच करायचे, दुसरा इलाज नाही. पण रान केवढे आहे हे कळले, की मुलांना अख्खा मुलूखच रान वाटत नाही. स्पेलिंग चुकले म्हणून स्वतःला मठ्ठ समजणारी मुले मी खूप पाहिली. चुकण्याचे कारण डोक्यात नसून पाचशे वर्षांपूर्वीच्या खिळ्यांत आहे, हे ऐकल्यावर त्यांचे खांदे सैल झालेलेही पाहिले.

पाहुणी जी-एच आणि आपला घ

इंग्रजीत जी-एचची आणखी एक वस्ती आहे, परदेशी शब्दांची. तिथे या जोडीची कामे निराळी.

इटालियन लिपीत 'ई' किंवा 'ए' या स्वरांपुढे 'जी'चा 'ज' होतो. तो 'ग'च राहावा म्हणून मध्ये 'एच'चे कुलूप घालतात. 'स्पगेटी'त हे कुलूप आहे. 'गेटो'तही, व्हेनिसमध्ये १५१६ साली ज्यूंना ज्या वेढलेल्या वस्तीत राहायला भाग पाडले गेले, तिचे हे नाव. इंग्रजांनी ही युक्ती एका भारतीय शब्दावर वापरली. हिंदी-बंगालीतली छोटी होडी 'डिंगी'. तिच्यात 'घ' नाही. पण वाचणाऱ्याने 'डिंजी' म्हणू नये म्हणून 'जी'च्या मागे 'एच' बसवला गेला.

अरबीतून 'गूल' आला, स्मशानातला पिशाच. त्यातली जी-एच म्हणजे अरबी ग़ैन, ग़ज़लमधला ग़. तुर्कीतून दह्याचा शब्द 'योगर्ट' आला. तुर्कीत ज्या अक्षराच्या जागी इंग्रजांनी जी-एच लिहिली, ते अक्षर आज बोलले जात नाही. ते आधीचा स्वर लांबवते, नेमके 'नाइट'मध्ये झाले तसे. इंग्रजीने मात्र तिथे ठणठणीत 'ग' उच्चारला. घरची अक्षरे मुकी आणि परक्याचे मुके अक्षर बोलके, असा हा उलटा न्याय.

आणि मग आपला 'घ'. घी, घाट, घडियाल हे शब्द इंग्रजीत गेले. भारतीय शब्द रोमन अक्षरांत कसे लिहावेत याचा पद्धतशीर विचार ज्यांनी आरंभी केला त्यांत तोच विल्यम जोन्स होता. महाप्राणासाठी 'एच' जोडण्याची रीत पुढे रुळली आणि 'घ'साठी जी-एच कायम झाली. घाटकोपरच्या पाटीवर, घोरपडे-घाटगे यांच्या सहीत, रघुनाथाच्या पासपोर्टवर ही जोडी असते आणि तिथे तिच्यातला 'एच' हा खरा श्वास असतो. इंग्रजाच्या कानाला 'ग' आणि 'घ' यांतला फरक पकडता येत नाही, म्हणून तो 'गाट' म्हणतो. अर्थही त्याने आपल्या सोयीने घेतला. आपल्याला घाट म्हणजे डोंगर ओलांडायची वाट, किंवा नदीच्या पायऱ्या. कोकणातून वर चढताना वाटेला 'घाट' म्हटलेले ऐकून साहेबाने अख्ख्या सह्याद्रीलाच 'वेस्टर्न घाट्स' केले.

अक्षर काढून टाकू म्हणणारे

मुक्या अक्षरांना रजा द्यावी असे इंग्रजी मुलखात अनेकांना वाटले. अमेरिकेच्या नोआ वेब्स्टरने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या कोशांतून 'प्लाउ' आणि 'ड्राफ्ट' यांची जी-एचविना स्पेलिंगे पुढे केली. ती अमेरिकेत रुजली. १९०६ साली उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीच्या पैशावर 'सिम्प्लिफाइड स्पेलिंग बोर्ड' उभे राहिले. त्यांनी तीनशे शब्दांची यादी काढली. 'दो' आणि 'थ्रू' ही जी-एच नसलेली रूपे तिच्यात होती. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने सरकारी छापखान्याला ती यादी वापरण्याचा हुकूम दिला. वर्तमानपत्रांनी टिंगल केली, प्रतिनिधिगृहाने विरोधात ठराव केला, आणि वर्ष संपायच्या आत हुकूम मागे घेतला गेला. 'शिकागो ट्रिब्यून'ने १९३४ साली आपल्यापुरती सुधारित स्पेलिंगे सुरू केली. 'दो' आणि 'थ्रू'ची आखूड रूपे त्यांनी पुढे नेटाने चालवली आणि १९७५ साली सोडून दिली.

सरकारने शहरांच्या नावांना हात घातला तेव्हा तर वाद पेटला. १८९१ साली अमेरिकेच्या भौगोलिक नावे ठरवणाऱ्या मंडळाने 'बर्ग'ने संपणाऱ्या नावांतला शेवटचा 'एच' काढायचे ठरवले. पिट्सबर्गच्या लोकांना ते मान्य झाले नाही. वीस वर्षे ते अडून राहिले आणि १९११ साली त्यांनी आपला 'एच' परत मिळवला. जो कधी बोललाच जात नाही असा एक 'एच'!

इंग्रजीला असे कुणी मंडळ नाही, ज्याचा शब्द सर्वांना बांधून ठेवील. म्हणून जी-एच टिकली. पण दुसरेही कारण आहे. कानाला सारखे वाटणारे शब्द ती डोळ्यांना वेगळे दाखवते. वजनाचा 'वेट' आणि वाट पाहण्याचा 'वेट'. आठचा 'एट' आणि खाल्ल्याचा 'एट'. दृष्टीची 'साइट' आणि जागेची 'साइट'. मुकी असली तरी जोडी डोळ्यांशी बोलते.

आपली स्वतःची जी-एच

इंग्रजीच्या या भानगडी सांगितल्या की मराठी श्रोता समाधानाने म्हणतो, 'आपलं बरं. जसं बोलतो तसं लिहितो.' हे पूर्ण खरे नाही. आपल्याकडेही जी-एच होती. ती टिंबाच्या रूपात होती.

१९६२ पूर्वी छापलेले कुठलेही मराठी पुस्तक उघडावे. नांव, गांव, पांच, कांटा असे शब्द दिसतात. बहुतेक वाचक या टिंबांचा उच्चार करत नव्हते. व्याकरणात त्यांना नावही होते : अनुच्चारित अनुस्वार. मग ती होती कशाला? नामन्, ग्राम, पञ्च, कण्टक या मूळ शब्दांतला अनुनासिक कधीकाळी गेला, त्याची खूण म्हणून. म्हणजे अगदी जी-एचसारखीच : निघून गेलेल्या आवाजाचे पाऊल. शाळेतल्या मुलाला ही टिंबे संस्कृत मूळ आठवून किंवा नुसती घोकून लिहावी लागत, आणि एखादे राहिले की गुण जात.

मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे नियम ठरवले, शासनाने ते १९६२ साली स्वीकारले, आणि ही टिंबे गेली. रूझवेल्टला न जमलेली गोष्ट मराठीने केली. योगायोग असा, की त्याच १९६२ साली इंग्लंडात शॉच्या मृत्युपत्रातल्या इच्छेप्रमाणे तयार झालेल्या नव्या वर्णमालेत त्याचे 'अँड्रोक्लीस अँड द लायन' हे नाटक छापून निघाले. त्या वर्णमालेत मुके अक्षर नव्हते. ती कुतूहलाची वस्तू ठरली. आपले नियम मात्र शाळाशाळांतून चालू झाले.

फायदा उघड होता. दोन-तीन पिढ्यांची मुले त्या टिंबांच्या जाचातून सुटली. घरात लिहिण्यावाचण्याची परंपरा नसलेल्या मुलांना तर ही सुटका जास्त मोलाची. पण काही गमावलेही. माणसाचे 'नांव' आणि पाण्यातली 'नाव' आता लेखनात एक झाली. 'पांच' म्हणजे संख्या आणि 'पाच' म्हणजे रत्न, हा भेद गेला. नपुंसकलिंगी एकवचनाचे 'तें' आणि पुल्लिंगी अनेकवचनाचे 'ते' यांच्यातले अंतर मिटले. संदर्भावर भिस्त ठेवून वाचावे लागते. आणि 'गाव' पाहून 'ग्राम' आठवण्याची दोरी तुटली.

इंग्रजीचा घर्षणाचा आवाज जसा स्कॉटलंडच्या बोलींत उरला, तिथे आजही जुनी माणसे रात्रीला 'निख़्त' म्हणतात, तसा आपला अनुनासिक किनाऱ्यावर उरला. कोकणीत नांव, गांव, पांच हे शब्द आजही नाकातून उमटतात आणि तसेच लिहिले जातात. प्रमाण मराठीने जे टिंब अनुच्चारित म्हणून काढले, ते काही कोसांवर उच्चारले जात होते. 'अनुच्चारित' हा शब्द वापरताना कुणाच्या तोंडचा उच्चार आपण मोजला, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

आणि सगळी मुकी अक्षरे आपण काढली, असेही नाही. 'ष' आणि 'श' आपण बहुतेक सारखेच बोलतो, पण दोन लिहितो. 'ज्ञ' हा ज आणि ञ यांचा जोड. मराठी माणूस तो 'द्न्य' असा म्हणतो, हिंदी 'ग्य', गुजराती 'ग्न', आणि लिहितात सगळे एकच. तिथे आपण संस्कृतची खूण जपली. म्हणजे लेखनातला खरा वाद शुद्ध-अशुद्धाचा नसतो. पूर्वजांची आठवण किती ठेवायची आणि शिकणाऱ्या मुलाच्या खांद्यावर किती ओझे द्यायचे, याचा तो हिशेब असतो. इंग्रजीने आठवण ठेवली आणि मुलांना राबवले. आपण मुलांना सोडवले आणि काही आठवणी सोडल्या. दोन्ही सौद्यांत किंमत मोजावी लागली. आज मराठी ऱ्हस्व-दीर्घाचे नियम सैल करावेत की नाही यावर जे बोलणे चालते, त्यात दोन्ही बाजूंनी ही किंमत मांडून दाखवावी एवढीच अपेक्षा.

सध्या हे सगळे वाद मोबाइलच्या पडद्यावर नव्याने खेळले जात आहेत. तरुण मुले 'गुड नाइट' लिहिताना जी-एच गाळतात. 'दो' आणि 'थ्रू' आखूड करतात. वेब्स्टर आणि कार्नेगीला जे हवे होते ते अंगठे करत आहेत, कुठल्याही मंडळाचा ठराव न घेता. आणि त्याच निरोपात, त्याच रोमन अक्षरांत, मराठीही लिहिली जाते : 'घरी ये', 'घेऊन ये', 'बघ'. प्रत्येक ठिकाणी जी-एच. इंग्रजी शब्दात जी खुशाल गळून गेली, ती मराठी शब्दात गाळून चालत नाही. गाळली तर 'बघ'चा 'बॅग' होतो. इंग्लंडात ज्या जोडीचा आवाज चार-पाचशे वर्षांपूर्वी बसला, ती इथे रोज लाखो वेळा श्वास घेऊन बोलते आहे.